गो अराउंड, ढब्बू

ताईचा आवाज लहानपणापासूनच असा होता, की तो कानावर पडला की माणूस आधी थांबायचा आणि आपण का थांबलो याचा विचार मग करायचा. आवाज मोठा नव्हता, कर्कश तर मुळीच नव्हता. इस्त्री केल्यासारखा सपाट होता. गल्लीतली पोरं चेंडूमागे रस्त्यावर धावली की त्यांच्या आया गॅलरीतून घसा फाटेस्तोवर ओरडायच्या आणि पोरं ढिम्म ऐकायची नाहीत. ताई नुसतं म्हणायची, "थांब, गाडी येतेय." की पोरगं जागच्या जागी खांब.

तिचे वडील बस डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कुणी आधी मागे घ्यायची आणि कुणी दम धरायचा, हे सगळं ते दिवसभर शिट्टी आणि हातवारे यांवर निभावून न्यायचे. शाळा सुटली की ताई तिथल्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन हा कारभार बघत बसायची. पुढे ती शिकली, परीक्षा दिल्या आणि विमानतळाच्या टॉवरमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून लागली. तेव्हा वडील भेटेल त्याला सांगायचे, "काम तेच आहे हो आमचं दोघांचं. फक्त तिच्या गाड्यांना रिव्हर्स नाही."

टॉवरमध्ये तिला सगळे मॅडम म्हणायचे. घरी ती ताई होती, कारण तिच्या पाठीवर एक भाऊ होता. हा भाऊ जन्मला तेव्हा इतका गुटगुटीत होता की नर्सने वजनकाट्यावर त्याला दोनदा ठेवून पाहिला. त्याच दिवशी त्याचं नाव ढब्बू पडलं. पुढे तो उंच झाला, काटकुळा झाला, गालांची हाडं वर आली, पण नाव काही झडलं नाही. ढब्बू मोठा होऊन वैमानिक झाला. सहवैमानिकाच्या तीन सोनेरी पट्ट्या खांद्यावर, काळा चष्मा, मागे चाकांची बॅग खडखडवत तो विमानतळावरून चालायला लागला की पोरं वळून बघायची. घरी त्याला ढब्बू म्हणतात हे त्याच्या कंपनीत कुणालाही ठाऊक नव्हतं आणि ते कुणाला कळू नये याची तो डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचा.

बहीण-भावाचं तसं गूळपीठ होतं. बिनसलं ते ढब्बूच्या नव्या फ्लॅटच्या पार्टीत.

पार्टीला त्याचे सासू-सासरे आले होते, शेजारी आले होते, ताईचा नवराही होता. तो चष्म्याचं दुकान चालवायचा आणि कुठेही गेला की लोकांच्या फ्रेमा निरखत कोपऱ्यात उभा राहायचा. कुणीतरी पाहुण्याने ढब्बूला सहज विचारलं, "तुमची बहीणपण विमानतळावरच आहे ना? त्या नेमकं काय करतात?"

ढब्बू तेव्हा रंगात आला होता. म्हणाला, "ताई ना? ती खुर्चीत बसून बोलते. उडवाउडवीचं काम आमच्याकडे."

लोक हसले. ताई केकची बशी घेऊन मागेच उभी होती. तिने बशी खाली ठेवली आणि त्या सपाट आवाजात म्हणाली, "आणि मी बोलले नाही, तर हा जागचा हलतसुद्धा नाही. विचारा त्याला."

लोक आणखी जोरात हसले, आणि सगळ्यांत जोरात हसले ते ढब्बूचे सासरे. झालं. ताईला वाटलं, याने चारचौघांत माझ्या कामाची किंमत केली. ढब्बूला वाटलं, हिने सासऱ्यांसमोर माझी चड्डी फेडली. दोघंही त्या संध्याकाळी एकमेकांना न सांगता-विचारता निघाले, म्हणजे ताई निघाली आणि ढब्बू दारापर्यंत आला नाही. अबोला सुरू झाला.

पण हा अबोला पाळायचा तरी कसा? ढब्बू आठवड्यातून तीन-चार वेळा याच विमानतळावर उतरायचा, आणि त्यातल्या निम्म्या वेळा रेडिओवर ताई असायची. तिने त्याला इंजिन सुरू झाल्यावर रनवेकडे यायला सांगायचं, थांबायला सांगायचं, उडायला सांगायचं. आणि विमानाच्या जगातला नियम असा, की कंट्रोलरने सांगितलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट वैमानिकाने तशीच्या तशी पुन्हा म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यात चूक नाही हे दोघांनाही कळतं. त्यामुळे ज्या बहिणीशी आपण बोलत नाही, तिचा शब्द न् शब्द ढब्बूला दर वेळी शाळकरी मुलासारखा परत म्हणावा लागायचा. ती म्हणायची, थांबा. तो म्हणायचा, थांबतो. ती म्हणायची, डावीकडे वळा. तो म्हणायचा, डावीकडे वळतो. बाकी वैमानिकांना ताई 'गुड मॉर्निंग' म्हणायची, 'हॅव अ गुड डे' म्हणायची. ढब्बूच्या विमानाला तेवढं नाही. तोही शेवटी जो 'थँक यू' सगळे म्हणतात तो गिळून टाकायचा.

टॉवरमधल्या सुपरवायझरांच्या हे लक्षात आलं होतं. हे गृहस्थ मितभाषी, सदानकदा तोंडात पेपरमिंटची गोळी. एकदा त्यांनी ताईला विचारलं, "घरचं काही इथे येत नाही ना?"

"नाही सर," ताई म्हणाली. "घरचं घरीसुद्धा नाहीये सध्या."

त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि विषय संपला.

हे असं काही महिने चाललं. मग आई मावशीकडे गेली, आणि परत येताना ढब्बूच्याच विमानाने यायचं असं तिने जाहीर केलं. मुलगा उडवतोय त्या विमानात ती अजून बसली नव्हती. ढब्बूने तिकीट काढलं, खिडकीची जागा दिली. ताईला हे आईनेच फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "तू वर असशीलच ना त्या वेळी? मग छान. दोन्ही पोरं कामाला."

त्या दिवशी ताई दुपारच्या ड्युटीवर होती. टॉवरची ती वरची खोली म्हणजे चहूबाजूंनी काचा, आणि काचा बाहेरच्या बाजूला कललेल्या, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडत नाही. समोर लांबलचक रनवे. टेबलावर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी, त्याच्या नंबराची, आणि त्या पट्ट्या ताई प्लास्टिकच्या खाचेत अशा सरकवायची जशी कुणी पत्ते लावतं. आईच्या विमानाची पट्टी आली तेव्हा ती तिने इतर पट्ट्यांसारखीच लावली. फक्त जरा सरळ केली.

ऊन उतरणीला लागलं होतं आणि ढब्बूचं विमान उन्हाकडे तोंड करूनच येत होतं. ते अजून बरंच लांब होतं. रनवेच्या तोंडाशी दुसरं एक विमान उडायला तयार होतं. मध्ये जागा भरपूर होती. ताईने त्याला सांगितलं, चला, लगेच निघा. ते धावायला लागलं. वेग घेतला, आणि मग त्याचं नाक एकदम खाली दबलं, चाकांतून धूर निघाला आणि विमान रनवेच्या मधोमध थांबलं. आतून वैमानिकाचा आवाज आला, की कॉकपिटमध्ये धोक्याचा लाल दिवा लागला म्हणून आम्ही थांबलो.

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. दिवा लागला तर थांबायचं. पण आता रनवेवर एक विमान बसलेलं होतं आणि त्याच रनवेवर उतरायला दुसरं निघालेलं होतं. ढब्बूच्या विमानाचे दिवे मघाशी चांदणीएवढे होते, ते आता चांगले बशीएवढे झाले होते.

अशा वेळी करायचं काम एकच असतं. उतरू नका, परत वर जा, एक चक्कर मारून पुन्हा या. यालाच गो अराउंड म्हणतात. ही काही आणीबाणी नव्हे. रस्त्यावर समोर फाटक बंद दिसलं तर आपण जे करतो, तेच. फक्त विमानाला उभं राहता येत नाही म्हणून ते चक्कर मारतं.

ताईने बटण दाबलं. विमानाचा नंबर घेतला आणि म्हणाली, "गो अराउंड. आय से अगेन, गो अराउंड, ढब्बू."

तिला कळलंसुद्धा नाही. लहानपणी रस्त्यावर धावणाऱ्या ढब्बूला थांबवताना जो आवाज लागायचा तोच लागला होता, आणि त्या आवाजाला जे नाव लागून यायचं ते आलं होतं.

उत्तर ताबडतोब आलं, "गोइंग अराउंड, ताई."

विमानाने नाक उचललं. इंजिनांचा आवाज घुमला, टॉवरच्या काचा गुणगुणायला लागल्या, सुपरवायझरांच्या कपातला चमचा किणकिणला. पांढरं पोट आणि आत घेतली जाणारी चाकं दाखवत ते टॉवरसमोरून वर गेलं. ताईने त्याला सांगितलं, सरळ जा, तीन हजार फुटांपर्यंत चढा. ढब्बूने ते परत म्हणून दाखवलं. मग तिने हॉटलाइन उचलली. टॉवरच्या पायथ्याशी एका अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर बसणारा तिचा सहकारी लांबची विमानं सांभाळायचा. त्याला तिने सांगितलं, एक परत पाठवलंय, तुझ्याकडे येतंय, रनवेवर एक थांबलंय. तो म्हणाला, मिळालं, घेतो. सगळं जिथल्या तिथे झालं.

तेवढ्यात, रनवेकडे जाणाऱ्या टॅक्सीवेवर वाट बघत उभ्या असलेल्या कुठल्याशा विमानातून एक अनोळखी, अगदी सभ्य आवाज आला, "गुड लक, ढब्बू."

ताईने मान वळवून सुपरवायझरांकडे पाहिलं. त्यांचं पेपरमिंट चघळणं थांबलं होतं.

"मी काय म्हणाले?" तिने विचारलं.

"जे म्हणालात ते रेकॉर्ड झालंय," ते म्हणाले. "उठायचंय का? दुसऱ्या कुणाला बसवू?"

ताईने खाचेतली आईच्या विमानाची पट्टी पाहिली. ते पांढरं पोट वर जाताना त्याच्या आत खिडकीपाशी आई बसली होती, हे आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं होतं. ती म्हणाली, "नको. त्याला उतरवते आणि मग उठते."

रनवेवर अडकलेलं विमान हळूहळू बाजूला झालं. गाडी जाऊन रनवे तपासून आली. तोवर ढब्बूचं विमान मोठी चक्कर मारून पुन्हा रांगेला लागलं होतं. ताईने त्याला उतरायची परवानगी दिली, वाऱ्याचा आकडा सांगितला. तिच्या यंत्रावर वारा अगदी मंद दिसत होता. विमान आलं, खाली आलं, आणखी खाली आलं, आणि तिला काही न सांगताच त्याने पुन्हा नाक वर केलं.

"गोइंग अराउंड," ढब्बूचा आवाज आला. या वेळी शेवटी काही नव्हतं.

ताईने का म्हणून विचारलं नाही. वैमानिक परत वर जात असेल तर त्याला त्याच क्षणी चौकशा करायच्या नसतात. हात कामात असतात. ती फक्त 'रॉजर' म्हणाली, उंची दिली, हॉटलाइन उचलली. विमान नीट चढल्यावर ढब्बूनेच सांगितलं, की वर वारा पाठीमागून आहे, चांगला जोराचा, आम्हाला ढकलतोय, वेग आटोक्यात येत नाही.

ताईने काचेतून खाली पाहिलं. रनवेच्या कडेचं गवत निवांत उभं होतं. वाऱ्याची कापडी नळी लोंबकळत होती. इथून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पण वर जो होता तो सांगत होता, की वारा फिरलाय. तिने क्षणभरही घोळ घातला नाही. खालच्या सहकाऱ्याला म्हणाली, "रनवे उलटा करूया. सगळ्यांना पलीकडच्या टोकाने आणूया. वर वारा फिरलाय."

"तुझ्याकडे दिसतोय?"

"नाही. त्याने सांगितलंय."

"बरं," तो म्हणाला, आणि मागून येणाऱ्या सगळ्या विमानांना वळवायला लागला. अर्ध्या शहराच्या डोक्यावरची वाहतूक तोंड फिरवून बसली. ढब्बूच्या विमानाला दोघांनी मिळून अलगद पलीकडच्या बाजूला नेलं. इंधन किती आहे ते विचारलं. भरपूर होतं. आणि तिसऱ्या खेपेला ते विमान असं उतरलं की चाकं कधी टेकली ते धुराच्या बारीक रेघेवरूनच कळावं. तोवर गवतसुद्धा वाकायला लागलं होतं, आणि मघाशी लोंबकळणारी कापडी नळी ढब्बूने सांगितलेल्या वाऱ्याच्या दिशेला बोट दाखवत होती.

ताई उठली. जिन्यात जाऊन पायरीवर बसली आणि बाटलीभर पाणी एका दमात प्यायली. खिशातला फोन वाजला. आईचा मेसेज होता. आई मेसेजमध्ये विरामचिन्हं घालत नसे. 'दोघं संध्याकाळी माझ्याकडे जेवायला या कारणं नकोत'.

आईच्या स्वयंपाकघरात एक लहानसं टेबल होतं, तीन माणसांचे गुडघे एकमेकांना लागतील एवढं. ताई आली तेव्हा ढब्बू आधीच येऊन बसला होता. युनिफॉर्म काढून जुना टी-शर्ट घालून. त्याने ताईकडे पाहिलं आणि लगेच सूपच्या भांड्याकडे पाहिलं. आईने दोघांच्या पुढ्यात वाडगे ठेवले, ब्रेड ठेवला आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता मला सांगा," ती म्हणाली. "मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

दोघांनी एकदमच ब्रेडला हात घातला.

"माझ्या शेजारी एक कानात हेडफोन घातलेला माणूस होता. विमान खाली आलं, मला आपली गच्ची पण दिसली, आणि परत वर. पोटातलं सगळं घशात. मग ते तुझे कॅप्टन बोलले, की टॉवरच्या सूचनेवरून आपण एक चक्कर मारतोय. मी त्या माणसाला म्हटलं, घाबरू नका, टॉवरमध्ये माझी मुलगी आहे. तो म्हणाला, मग तिला फोन करा ना. मी म्हटलं, उपयोग नाही, ती कुणाचं ऐकत नाही."

ढब्बूने ब्रेडचा तुकडा तोंडात घातला, म्हणजे हसू दिसू नये.

"हसू नकोस. दुसऱ्यांदा आलो खाली, परत गच्ची दिसली, परत वर. आता कॅप्टन म्हणाले, की आमच्या सहवैमानिकाच्या सांगण्यावरून या वेळी आपण उतरत नाही आहोत. मी त्या माणसाला म्हटलं, सहवैमानिक माझा मुलगा आहे. त्याने मग हेडफोन काढले. म्हणाला, बाई, तुमच्या घरात नेमकं काय चाललंय?"

आता ताईच्या नाकात सूप गेलं. आईने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात.

"म्हणजे एकदा हिने मला घरात घेतलं नाही, एकदा याने. सारखंच केलंत. मी कुणाची बाजू घेऊ, सांगा. आणि त्या पार्टीचं मला ठाऊक नाही असं समजू नका. चष्म्याने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं." चष्मा म्हणजे जावई. आई त्याला लाडाने असंच म्हणायची.

मग ढब्बू सूपकडे बघत म्हणाला, "मीठ दे."

रेडिओबाहेर त्याने ताईला उद्देशून म्हटलेला, पार्टीनंतरचा हा पहिला शब्द. ताईने मिठाची डबी उचलली, पण दिली नाही. म्हणाली, "आधी सांग. तुला ते विमान दिसलं होतं का? रनवेवरचं?"

"कुठचं दिसतंय. सूर्य सरळ डोळ्यांत. मला वाटत होतं, ते उडालंय. तू म्हणालीस तेव्हा आम्ही दोघंही चमकलो."

"आणि दुसऱ्यांदा? कॅप्टन काय म्हणाले?"

"काही नाही. विमान तेच चालवत होते, मी रेडिओवर होतो. वेग बघत होतो. जास्त होता, कमी होईना. मी म्हटलं, गो अराउंड. त्यांनी पुढच्या श्वासाला विमान उचललं. एवढा मोठा माणूस, माझ्या दुप्पट वयाचा. का म्हणून विचारलंसुद्धा नाही."

"मी पण नाही विचारलं."

"ते आलं लक्षात," ढब्बू म्हणाला.

मग ताईने मिठाची डबी टेबलाच्या मध्यावर ठेवली. "हा टॉवर." आडवी सुरी ठेवली. "हा रनवे. आता वारा कुठून होता, दाखव." ढब्बूने पाण्याचा पेला इकडचा तिकडे केला, चमचा विमान झाला, ब्रेडचा तुकडा अडकलेलं विमान झाला. किती उंचीवर वारा जाणवला, यंत्राला का कळला नाही, रनवे उलटा करायचा निर्णय आणखी आधी घेता आला असता का, यावर दोघं अशी तावातावाने बोलायला लागली की सूप गार झालं आणि आईचा वाडगा रनवेच्या बांधकामात जप्त झाला. आई दाराला टेकून बघत राहिली. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. थोड्या वेळाने तिने अडकलेलं विमान उचललं, सूपमध्ये बुडवलं आणि खाऊन टाकलं.

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण दर महिन्याला वैमानिक आणि कंट्रोलर यांची एक बैठक असायची. त्या महिन्यात जे जे गो अराउंड झाले ते तिथे ऐकवले जायचे, कुणाला शिक्षा करायला नाही, तर पुढच्या वेळी आणखी सोपं काय करता येईल ते बघायला. लांब टेबल, पुठ्ठ्याच्या कपातला चहा, एका बाजूला वैमानिक, दुसऱ्या बाजूला टॉवरवाले. ढब्बूचे कॅप्टनही आले होते. सगळे केस पिकलेला, गुबगुबीत, प्रसन्न माणूस. सुपरवायझरांनी लॅपटॉपला स्पीकर जोडला.

आधी अडकलेल्या विमानाचा आवाज. मग ताईचा. "गो अराउंड. आय से अगेन, गो अराउंड, ढब्बू." मग ढब्बूचा. मग तो सभ्य अनोळखी आवाज.

टेबलाच्या त्या टोकाला एक तरुण वैमानिक टाचणीसारखा ताठ बसला होता आणि त्याचे कान लालभडक झाले होते. 'गुड लक' कुणाचं होतं ते सगळ्यांना कळलं.

सुपरवायझरांनी घसा साफ केला. "सूचना वेळेवर दिली. ताबडतोब पाळली गेली. दुसऱ्या वेळी सहवैमानिकाने वेळेवर सांगितलं, कॅप्टननी ऐकलं, टॉवरने रनवे फिरवला. यावर मला काही म्हणायचं नाही." त्यांनी गोळी दुसऱ्या गालात नेली. "मात्र पुस्तकात विमानाचा नंबर घेऊन सूचना द्यायची असं आहे. त्यापुढे काही लावायचं असेल, तर पुस्तकात तशी तरतूद नाही."

"माझी चूक आहे, सर," ताई म्हणाली.

"माझीपण," ढब्बू टेबलापलीकडून म्हणाला. "मीही जोडलं शेवटी."

"ते आम्ही ऐकलं," सुपरवायझर म्हणाले. "दोघांनाही तोंडी समज. लिहून ठेवतो."

कॅप्टन मग पुढे झुकले. म्हणाले, "एक सांगू का? इतकी वर्षं उडतोय, पण इतक्या झटपट माझ्या सहवैमानिकाने टॉवरचं कधी ऐकलेलं नाही. मी उजवीकडे पाहिलं तर याचे दोन्ही हात शाळेत बाकाखाली असतात तसे मांडीवर. मला वाटलं, टॉवरमध्ये कुणी मुख्याध्यापिका आल्यात का."

आता मात्र सगळी खोली फुटली. ढब्बूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मग त्याने हात वर केले आणि तोही हसायला लागला. नाव गेलंच होतं. एकदा फ्रिक्वेन्सीवर गेलेलं परत घेता येत नाही.

बैठकीनंतर सगळे पांगले. जिन्यापाशी ताई बॅगेत किल्ल्या शोधत होती. ढब्बू चाकांची बॅग घेऊन मागून आला आणि शेजारी उभा राहिला.

"ताई."

"हं."

"तू तिथे काय काय करतेस ते मला कधी धड माहीतच नव्हतं. म्हणजे रोज ऐकतो, पण ते नुसतं रेडिओवर ऐकणं झालं." तो थोडा थांबला. "त्या दिवशी मी जे बोललो, ते फार हलकं बोललो. चुकलं माझं."

ताईने किल्ल्या शोधणं थांबवलं नाही. म्हणाली, "मीपण तुला सासऱ्यांपुढे बोलायला नको होतं. ते अजून चिडवतात का?"

"दर भेटीला."

"मग राहू दे, तेवढी शिक्षा पुरे." किल्ल्या सापडल्या. "पुढच्या आठवड्यात सुट्टी कधी आहे तुला? पास काढून देते, वर ये. काय दिसतं ते बघ. मीही एकदा तुमच्या मागच्या सीटवर बसून येते, कॅप्टनना विचार. मला तो वारा बघायचाय."

"वारा दिसत नाही गं."

"तरी बघायचाय."

तो गुरुवारी टॉवरवर आला. ताईच्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभा राहिला, पट्ट्या इकडून तिकडे सरकताना पाहिल्या, एकाच वेळी चार विमानं तिच्या कानात बोलताना ऐकली आणि तिला एकाचीही गफलत होत नाही हे पाहिलं. सुपरवायझरांनी त्याला एक पेपरमिंट दिली. खाली उतरल्यावर त्याने बायकोला फोन केला आणि म्हणाला, की माझं डोकं गरगरतंय, आणि मी तर आज जमिनीवर आहे.

आईने ही हकीकत नात्यागोत्यात फोनवरून सगळ्यांना सांगितली. मावशीपर्यंत जाईस्तोवर चकरा दोनाच्या चार झाल्या होत्या, आणि कुठल्याशा दूरच्या आत्याने तर ताईला विचारलं, की आईला तुम्ही तासभर हवेत ठेवलं ते खरं का. ताईने आधी नीट समजावून सांगायला सुरुवात केली. मग तिच्या लक्षात आलं, की आत्या ऐकत नाहीये, ती पुढचा प्रश्न विचारायच्या तयारीत आहे. म्हणून तिने सांगितलं, "हो आत्या, तासभर. वर छान गार होतं म्हणे." आणि फोन शेजारी बसलेल्या ढब्बूच्या हातात दिला.